आघातानंतर लगेच बोलतं करू नका

मोठा अपघात, स्फोट किंवा हल्ल्यातून वाचलेल्या माणसाला लगेच बोलतं करावं, म्हणजे मन मोकळं होईल, असं आपल्याला वाटतं. १९८०च्या दशकात अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी आणीबाणीच्या सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी याच विचारातून ‘डीब्रीफिंग’ सुरू केलं. पुढे ते सरसकट आघातग्रस्तांना दिलं जाऊ लागलं: चारदोन दिवसांत एक बैठक, घडलेलं सगळं सांगायचं, संपलं.

१९९७मध्ये ब्रिटनमधल्या भाजलेल्या रुग्णांवरच्या चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले. १३ महिन्यांनी डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार होता. न झालेल्यांत ९ टक्के. पहिल्या गटातल्यांचा त्रास मुळातच थोडा जास्त होता, हे खरं. पण नंतरच्या चाचण्यांतही एका बैठकीचा फायदा दिसला नाही.

झोप उडणं, दचकणं, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं हे सुरुवातीला बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपसूक ओसरतं. म्हणून महिना उलटल्याशिवाय पीटीएसडीचं निदान करत नाहीत. तोवर सुरक्षित जागा, जवळची माणसं आणि तो स्वतःहून बोलला तर ऐकणारं कुणी, एवढं पुष्कळ. झोपेसाठी किंवा भीतीसाठी बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या या महिन्यात देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

खरा प्रश्न आहे तो न ओसरणाऱ्यांचा. जेरुसलेममध्ये आर्येह शालेव्ह यांच्या गटाने आघातानंतर रुग्णालयात आलेल्यांपैकी त्रास टिकून राहिलेल्यांना शोधलं आणि साधारण महिन्याभराने उपचार सुरू केले. २०१२मध्ये निष्कर्ष आले. पाचव्या महिन्यात मानसोपचार मिळालेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला पीटीएसडी होता. नुसत्या प्रतीक्षा यादीतल्यांत निम्म्याहून जास्त लोकांना. एसिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध घेणाऱ्यांची स्थितीही प्रतीक्षा यादीतल्यांसारखीच.

गंमत म्हणजे यातल्या एका उपचारात, एक्स्पोजर थेरपीत, घडलेलं सांगायचंच असतं! मात्र एकदा सांगून घरी जायचं नाही. प्रशिक्षित व्यक्तीसोबत, आठवड्यामागून आठवडे, भीतीचा जोर उतरेपर्यंत ती आठवण पुन्हा पुन्हा उलगडायची. टाळलेल्या रस्त्यावर, टाळलेल्या गाडीत हळूहळू परतायचं. आठवण म्हणजे धोका नव्हे, हे मेंदू अशा सरावातूनच शिकतो.

प्रतीक्षा यादीतल्यांना हीच थेरपी पाच महिन्यांनंतर मिळाली. नवव्या महिन्यापर्यंत तेही पहिल्या गटाच्या बरोबरीला आले. लवकर उपचारांनी वाचले ते मधले महिने. नोकरी किंवा संसार पणाला लागलेल्या माणसासाठी ते थोडे नसतात.