रूनस्केप : ऑगस्ट २००७ पर्यंत मागे गेलेला खेळ

रूनस्केप हा ऑनलाइन गेम पंचविशीला आला. मधल्या काळात त्याच्याहून देखणे, वेगवान आणि फुकटातले कितीतरी गेम येऊन गेले. तरी दारव्हा-पुसदकडचा तिशी ओलांडलेला एखादा शिक्षक किंवा कृषी केंद्रवाला अजूनही रात्री त्यात मासे पकडत बसलेला सापडतो. खेळाचा विषय काढला की तो २००१ बद्दल काही बोलत नाही. बोलतो ते २००७ बद्दल.

२००१ बद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. अक्षरांवर चालणारे, अनेकांनी मिळून खेळायचे काल्पनिक जगाचे खेळ इंग्लंडच्या विद्यापीठात १९७८ पासूनच होते. त्याच परंपरेला चित्रांची जोड देत भावाभावांनी घरी बसून रूनस्केप रचला आणि ४ जानेवारी २००१ ला खुला केला. मार्च २००४ मध्ये त्याची नव्याने बांधलेली दुसरी आवृत्ती आली. आपल्याकडे पोहोचली ती हीच.

तेव्हा एमएस-सीआयटीचा क्लास, झेरॉक्स आणि सायबर कॅफे बहुधा एकाच गाळ्यात असायचं. कॅफेवाला कुठलाही गेम इन्स्टॉल करू द्यायचा नाही, पण रूनस्केपला इन्स्टॉल करावंच लागत नव्हतं. ब्राउझर उघडा, मशीनवर जावा हे सॉफ्टवेअर असलं की झालं. त्यातलं जग दर ०.६ सेकंदाने एक पाऊल पुढे सरकतं, त्यामुळे रखडत चालणाऱ्या लाइनवरही तो खेळता यायचा. गोळीबाराच्या गेममध्ये अर्धा सेकंद उशीर म्हणजे मेलात. इथे झाड तोडायला, मासा गळाला लागायला तसाही वेळ लागतोच. दुसरी सोय म्हणजे कमाई सर्व्हरवर साठायची. लोडशेडिंगमध्ये यूपीएस कोकलत बंद पडला, कॅफेवाल्याने मशीन फॉर्मॅट केली, तरी पात्र शाबूत. लढाईच्या मध्यात लाइन गेली तर मात्र ते तिथेच उभं राहून मार खायचं, आणि गल्ल्यावर पैसे देताना त्याचा शोक चालायचा. गावातला मुलगा शिकायला अमरावतीला गेला, पुढे पुण्याला गेला, तर खातं त्याच्यासोबत जायचं.

ओढ कशाची होती, हे एका आकड्यात दिसतं. कुठल्याही कौशल्यात ९९ वी पातळी गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, आणि त्याचा निम्मा टप्पा पडतो ९२ व्या पातळीवर. म्हणजे शेवटच्या सात पातळ्या आधीच्या एक्याण्णव पातळ्यांइतक्याच मेहनतीच्या. त्यात कुणाची शिफारस चालत नाही, डोकं लावून मार्ग थोडा छोटा होतो एवढंच. दहावीचे मार्क आणि नोकरीतला वशिला पाहून विटलेल्या पोट्ट्यांना हा हिशेब फार पटला.

मग २००७ चा डिसेंबर आला. तेव्हा कंपनीने घेतलेल्या निर्णयावर आजही वाद होतो, आणि तो नीट समजल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. खेळातली नाणी बाहेर खऱ्या पैशांत विकणारे धंदेवाईक वाढले होते. ते बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्रॅम लावून रात्रंदिवस झाडं तोडायचे, आणि मेंबरशिपचे, म्हणजे पूर्ण खेळ खुला करणाऱ्या वर्गणीचे पैसे चोरलेल्या क्रेडिट कार्डांवरून भरायचे. कार्डाचा खरा मालक तक्रार करायचा, पैसे परत जायचे, वर दंड खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या माथी. कंपनीचं म्हणणं असं की हे असंच चालू दिलं तर खेळच बंद पडेल. त्यात तथ्य होतं. पण उपाय काय केला? १० डिसेंबर २००७ ला विल्डरनेस या खेळातल्या प्रदेशातली खेळाडूविरुद्ध खेळाडू लढाई काढून टाकली, कारण मुद्दाम मरून माल दुसऱ्याच्या हाती देता यायचा. जानेवारी २००८ मध्ये थेट देवघेवही आवळली. दोन्ही बाजूंच्या मालाच्या किमतीत काही हजार नाण्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर व्यवहारच होईना. वस्तू जमिनीवर टाकून दुसऱ्याने उचलायची पळवाटही बुजवली. विकायचंच असेल तर ग्रँड एक्स्चेंज या खेळातल्या बाजारात विका, तेही ठरलेल्या भावाच्या पाच टक्के वर किंवा खाली.

कापसाच्या पट्ट्यात वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. १९७२ पासून जवळपास तीन दशकं कापूस एकाधिकार खरेदीत सरकारलाच घालायचा, व्यापाऱ्याला नाही, असा कायदा इथे होता, आणि भाव पटला नाही की रात्री गाड्या हद्दीपलीकडे जायच्या. ज्यांच्या बापांनी ते भोगलं, त्यांना ग्रँड एक्स्चेंजचा ठरलेला भाव पाहून हसू आलं. हसू ओसरलं ते घरच्या व्यवहारावर गदा आल्यावर. मोठा भाऊ धाकट्याला रून चिलखत द्यायचा, नव्या पोराला कुणीतरी पहिली तलवार द्यायचं, ते सगळं एका रात्रीत बंद. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यालाही भेट देता येईना. “माह्यं सामान मी माह्या भावाले देतो, यांच्या बापाचं काय जाते?” असा कॅफेतला सूर होता. चोर पकडायचा म्हणून गावाची वाट बंद करणं योग्य होतं का, या प्रश्नावर या लेखकाचं मत कॅफेतल्या पोरांच्या बाजूने आहे. मात्र दुसरी बाजूही नोंदवायला हवी : जनमत घेऊन १ फेब्रुवारी २०११ ला मोकळी देवघेव परत आणली तेव्हा बॉटांचा असा पूर लोटला की त्याच ऑक्टोबरात कंपनीला लाखोंनी खाती उडवावी लागली. त्या जनमतात सुमारे बारा लाख मतं पडली होती आणि ९१ टक्के होकार होता. भीती खोटी नव्हती, हे होकार देणाऱ्यांनाही वर्षभरात दिसलं.

पण तोवर खेळच बदलत चालला होता. २०१२ मध्ये पैसे देऊन बक्षिसाचं चाक फिरवायची सोय आली, आणि २० नोव्हेंबरला लढाईची पद्धतच मुळापासून पालटली. क्लिक करून वाट पाहण्याऐवजी बटणांची रांग आली. जुने खेळाडू धडाधड निघून गेले. त्यानंतर कंपनीला एक पूर्ण बॅकअप सापडला, १० ऑगस्ट २००७ चा, म्हणजे त्या डिसेंबरच्या चार महिने आधीचा. तो सुरू करायचा का, यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये मतदान झालं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली, आणि २२ फेब्रुवारीला ओल्ड स्कूल रूनस्केप उघडला. जुनी खाती आली नाहीत. सगळे पुन्हा पहिल्या पातळीवर, हातात कांस्य कुऱ्हाड. काहींना हे अन्यायाचं वाटलं, पण पुन्हा गर्दी जमली ती त्यामुळेच, असं मला वाटतं.

तेव्हाच नियम झाला की नवं काहीही आणायचं तर खेळाडूंची मतं घ्यायची आणि ७५ टक्के होकार हवा. २०२२ मध्ये हा आकडा ७० वर आणला. इतकी कडक अट असल्याने मोठमोठे प्रस्ताव पडत आले आहेत.

खेड्यातल्या विदर्भात मात्र हा जुना खेळ २०१३ ला परत आला असं म्हणता येत नाही. सुरुवातीला तो फक्त मेंबरांसाठी होता, आणि डॉलरमध्ये चालणारं कार्ड इथे कुणाकडे? २०१५ उजाडल्यावर दोन गोष्टी झाल्या. फेब्रुवारीत फुकट आवृत्ती निघाली, आणि त्याच वर्षी बाँड आला. बाँड एक जण खऱ्या पैशांनी घेतो, खेळातल्या नाण्यांवर दुसऱ्याला विकतो, आणि घेणाऱ्याला त्यावर १४ दिवसांची मेंबरशिप मिळते. २००७ ला ज्या व्यवहाराच्या धास्तीने सगळ्यांचे हात बांधले, तोच कंपनीने आपल्या दुकानातून सुरू केला. त्यावर टीका झाली, ती रास्तही होती. पण इथल्या पोरांना मेंबरशिप आणि तिच्यासोबतचा मताचा हक्क मिळाला तो या बाँडमुळेच, कारण मतपेटी फक्त मेंबरांना उघडते.

३० ऑक्टोबर २०१८ ला ओल्ड स्कूल मोबाइलवर आला. कॉम्प्युटरवरचं खातंच फोनवर चालतं आणि डेटा फार खात नाही. रब्बीत शेतीपंपाची लाइन आठवड्याआड रात्री येते, तेव्हा हरभऱ्याला पाणी देताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी दांड बदलावा लागतो. मधल्या वेळात खेळातल्या पात्राला यू नावाचं झाड तोडायला लावून ठेवायचं, सापाच्या भीतीने टॉर्च सुरू, अंगठा अधूनमधून पडद्यावर.

मतदानात पडलेल्या प्रस्तावांत नौकानयनाचं कौशल्य होतं. २०१५ मध्ये ते अडलं, २०२३ मध्ये मंजूर झालं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये खेळात आलं. पुसदकडचा एक जण दोन्ही वेळा विरोधात मत दिल्याचं शपथेवर सांगतो, आणि सध्या जहाज बांधायला बाँडसाठी जमवलेली नाणी मोडतो आहे.