पर्यटक सबमर्सिबल आणि खोल समुद्रातले धोके

सबमर्सिबल म्हटलं की सांगली-साताऱ्याकडं आधी आठवते ती बोअरमधली मोटर. या नोंदीतली सबमर्सिबल वेगळी आहे, माणसं आत बसवून समुद्रात खाली नेणारं छोटं बंद यान. पाणबुडीपेक्षाही ती वेगळी, कारण पाणबुडी स्वतःच्या ताकदीवर बंदरातून निघते आणि परत येते, सबमर्सिबलला मात्र जागेवर न्यायला आणि पाण्यातून उचलून घ्यायला वर एक जहाज लागतंच. यातले पर्यटनाचे दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. एक म्हणजे ३०-४० मीटरवर प्रवाळ आणि मासे दाखवणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या मोठ्या सबमर्सिबल (यांना पर्यटक पाणबुडी असंही म्हणतात), ज्या हवाई, केमन बेटं वगैरे ठिकाणी १९८० च्या दशकापासून चालतात. दुसरा प्रकार हजारो मीटर खाली, म्हणजे टायटॅनिकच्या अवशेषांपर्यंत वगैरे जाणारा, त्यात चार-पाच माणसं बसतात आणि तिकीट कोटींत असतं.

नाव सारखं असलं तरी काम वेगळं, पण दुखणं दोन्हीचं एकच आणि ते म्हणजे सांधा. जतकडच्या आमच्या शेतातली मोटर मागच्या उन्हाळ्यात साडेचारशे फुटावरून वर काढली, दिवसभर पाइप उपसले, आणि शेवटी बघतो तर केबलच्या जॉइंटची टेप बोटभर सुटलेली. वरून बघून काहीच कळत नव्हतं, तेवढ्या फटीतून पाणी गेलं, शॉर्ट झालं आणि मोटर जळाली. मोटर रिवायंडिंगला टाकता येते. त्याच जागी आत माणसं बसलेली असली तर काय, हा या सगळ्या विषयाचा मूळ प्रश्न आहे.

पाण्याचा दाब

दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे, म्हणजे धरण काठोकाठ भरलं की भिंतीच्या पायथ्याला जवळपास १० वातावरणांचा दाब. टायटॅनिक पडलंय ३८०० मीटरवर, म्हणजे अशी ३७ धरणं एकावर एक ठेवली तर जेवढी उंची होईल तेवढं पाणी डोक्यावर. तिथं दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३९० किलो भार येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साखरेची ५० किलोची आठ पोती, आणि ती सुद्धा एका बाजूनं नाही तर चहूबाजूंनी.

म्हणून अशा यानाची माणसं बसायची जागा शक्यतो गोल करतात आणि ती स्टील किंवा टायटॅनियमची असते, कारण गोलावर दाब सगळीकडं सारखा वाटला जातो. अमेरिकेची ॲल्विन, अमेरिकन साहसवीर व्हिक्टर व्हेस्कोव्हो ज्या यानातून २०१९ मध्ये मारियाना गर्तेच्या (समुद्रातली सगळ्यात खोल जागा) तळाला गेले ते लिमिटिंग फॅक्टर (त्याचा टायटॅनियमचा गोल ९० मिलिमीटर जाड), आपल्या चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं मत्स्य ६०००, ही सगळी याच पठडीतली. गोलात अडचण एकच, माणसं कमी बसतात, दोन किंवा तीन. पैशाचं गणित जमवायला जास्त माणसं बसवायची म्हटलं की नळकांडं करावं लागतं आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

टायटन

१८ जून २०२३ ला ओशनगेट या अमेरिकन कंपनीची टायटन ही सबमर्सिबल कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपासून लांब समुद्रात टायटॅनिक बघायला खाली गेली आणि साधारण दीड तासानं वरच्या पोलर प्रिन्स जहाजाशी तिचा संपर्क तुटला. आत पाच जण होते, कंपनीचे सहसंस्थापक आणि प्रमुख स्टॉकटन रश, ब्रिटिश उद्योजक हॅमिश हार्डिंग, टायटॅनिकचे जाणकार पॉल-आँरी नार्जोले, पाकिस्तानी वंशाचे शहजादा दाऊद आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा सुलेमान. एका जागेचा दर अडीच लाख डॉलर. आपल्याकडं तेव्हा वारीचे दिवस होते, पाऊस लांबलेला, आणि सांगलीतल्या विश्रामबागच्या चहाच्या टपरीवर सुद्धा माणसं घड्याळ बघून विचारायची की आता किती तासांचा ऑक्सिजन उरला असंल, कारण ९६ तासांचा साठा आहे असं सगळीकडं सांगत होते. २२ जूनला टायटॅनिकच्या पुढच्या टोकापासून साधारण ५०० मीटरवर तुकडे सापडले. संपर्क तुटला त्याच वेळी यान आतल्या बाजूला चेपून फुटलं होतं, याला इम्प्लोजन म्हणतात, आणि ते काही मिलिसेकंदांत होतं, माणसाच्या मेंदूला कळायच्या आत. म्हणजे आपण ज्या ऑक्सिजनचे तास मोजत होतो तो लागणार कुणाला, हे अजूनही आठवलं की पोटात कालवतं.

चूक नेमकी कुठं झाली हे समजून घ्यायला आपल्याकडचीच गोष्ट घ्या. टायटनचं मधलं नळकांडं कार्बन फायबरचं होतं, सुमारे ५ इंच जाड, एकेक इंचाचे पाच थर चढवून केलेलं, दोन्ही टोकांना टायटॅनियमच्या कड्या डिंकानं चिकटवलेल्या आणि त्यावर टायटॅनियमचे घुमट. कार्बन फायबर मुळात धागा आहे. मोटेचा नाडा ओढायला बैलांची ताकद सोसतो, पण नाड्यानं काही ढकलता येतं का? टाकीत गॅस भरला तर दाब आतून बाहेर येतो, धागे ताणले जातात, तिथं हे मटेरियल उत्तम. समुद्रात दाब बाहेरून आत, धागे दाबले जातात, थर एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि प्रत्येक फेरीत ते थोडं थोडं वाढत जातं. धातूच्या गोलाचं वागणं इंजिनिअरांना नीट मोजता येतं, या थरांचं तसं नाही.

आणि इशारे मिळाले नव्हते असंही नाही. २०१८ मध्ये कंपनीचेच सागरी विभागाचे प्रमुख डेव्हिड लॉकरिज यांनी लेखी दिलं की नळकांड्याची तपासणी पुरेशी नाही आणि खिडकी फक्त १३०० मीटरपर्यंतच प्रमाणित आहे, त्यावर त्यांनाच कामावरून काढलं. त्याच वर्षी या धंद्यातल्या तीन डझनांवर जाणकारांनी पत्र लिहून सांगितलं की बाहेरच्या संस्थेकडून प्रमाणपत्र घ्या. रश यांचं म्हणणं होतं की असल्या तपासण्यांनी नवीन काम अडतं. पहिलं नळकांडं २०१९ मध्ये तडकलं म्हणून बदललं. जुलै २०२२ मध्ये दुसरं नळकांडं बसवलेलं यान वर येताना मोठा धडाम आवाज झाला, आणि त्यानंतर सेन्सरचे आकडे बदललेले नोंदीत आहेत. वाईट वाटतं ते इथंच, की यानाला कान लावायची यंत्रणा (तडकण्याचे आवाज टिपणारे सेन्सर) मुद्दाम बसवली होती, तिनं ऐकलं, नोंदही झाली, आणि तरी यान हिवाळाभर सेंट जॉन्सच्या बर्फाळ थंडीत उघड्यावर ठेवून पुढच्या उन्हाळ्यात परत पाण्यात सोडलं. अमेरिकन कोस्ट गार्डनं ऑगस्ट २०२५ मध्ये ३०० हून जास्त पानांचा अहवाल दिला, त्यात स्पष्ट म्हटलंय की हा अपघात टाळता आला असता.

प्रमाणपत्र

आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत म्हणून हे पटकन कळेल. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन होतं, मग मोळी पडते, पण त्याच्या आधी बॉयलर इन्स्पेक्टर येतो, ट्यूब बघतो, पाणी भरून प्रेशर टेस्ट होते आणि सर्टिफिकेट मिळतं. तो इन्स्पेक्टर कारखान्याच्या पगारावर नसतो, चेअरमननं कितीही घाई केली, ऊस कितीही वाळत असला तरी कागद झाल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नाही. बॉयलरचा कायदा भारतात १९२३ पासून आहे आणि २०२५ मध्ये तो नव्यानं केला.

समुद्रातल्या यानांना हे काम डीएनव्ही, अमेरिकन ब्युरो ऑफ शिपिंग, लॉइड्स रजिस्टर यांसारख्या वर्गीकरण संस्था करतात, डिझाइनपासून वेल्डिंगपर्यंत बघतात. टायटनला यातल्या कुणाचंच प्रमाणपत्र नव्हतं. यान कुठल्या देशात नोंदलेलं नाही, निघालं कॅनडातून, कंपनी अमेरिकेची, बुडी मारली आंतरराष्ट्रीय पाण्यात, आणि पैसे भरणाऱ्यांना प्रवासी न म्हणता मिशन स्पेशालिस्ट म्हटलं की प्रवाशांचे नियम लागू होत नाहीत, असं कंपनीनं धरलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची पर्यटक सबमर्सिबलसाठी २००१ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत पण ती बंधनकारक नाहीत. या यानाला कुणाचीही मान्यता नाही हे लोकांनी सही केलेल्या कागदातच लिहिलं होतं.

बाकीचे धोके

चेपणं हा एकच धोका नाही. १९७३ च्या जूनमध्ये फ्लोरिडाजवळ जॉन्सन सी लिंक ही सबमर्सिबल बुडालेल्या जहाजाच्या तारांत अडकली, यान शाबूत होतं, पण कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन थंडीनं नीट काम करेना आणि दोघं गुदमरून गेले. त्याच वर्षी आयर्लंडजवळ पायसिस ३ सुमारे ४८० मीटरवर तळाला जाऊन पडली, तिच्यातले दोघं तीन दिवसांवर अडकून शेवटी वर आले तेव्हा १२ मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता. सुटकेला पोचायला वेळ लागतो आणि ३८०० मीटरवर पोचू शकणारी यंत्रं जगात थोडीच आहेत. टायटनचं दार तर बाहेरून बोल्टनं आवळलेलं असायचं, म्हणजे यान वर तरंगत आलं असतं तरी कुणी येऊन उघडेपर्यंत आतच.

उथळ पाण्यातही निर्धास्त राहू नये. २७ मार्च २०२५ ला इजिप्तच्या हुरघाडाजवळ, किनाऱ्यापासून साधारण एक किलोमीटरवर, सिंदबाद ही पर्यटक पाणबुडी बुडाली, ४५ पर्यटक होते, त्यातले सहा रशियन गेले. आत पाणी शिरलं तेव्हा हॅच उघडीच होती असं वाचलेल्या काही जणांनी सांगितलं. कृष्णेच्या महापुरात ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली तेव्हा पाणी नदीचंच होतं, हे पलूस तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही.

कोकणात काय चाललंय

सांगली-कोल्हापूरकडची माणसं स्कूबाला तारकर्लीला जातातच, आता सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त युद्धनौका आयएनएस गुलदार समुद्रतळाशी ठेवून ती पाणबुडीतून दाखवायची योजना आहे. हा उथळ पाण्यातला प्रकार आहे, टायटनसारखा नाही. तरी तिकीट काढताना यान कुठल्या संस्थेनं वर्गीकृत केलंय, शेवटची तपासणी कधी झाली, हॅच आतून उघडते का आणि वर सुटकेची बोट उभी असते का, एवढं विचारावं, आणि उत्तर तोंडी नको, कागद बघायला मागावा.