शालेय साहित्य वाटप (पुणे)

गरजू कुटुंबांतील मुलांना शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर वह्या, दप्तर, कंपासपेटी, गणवेश, चपला-बूट इ. वस्तू लोकवर्गणीतून किंवा देणगीतून पुरविण्याची प्रथा. बोलण्यात ‘वह्यावाटप’ हाच शब्द रूढ आहे. फ्लेक्सवर आणि निमंत्रणपत्रिकेवर मात्र ‘शैक्षणिक साहित्य वाटप समारंभ’ असे छापले जाते. प्रथा महाराष्ट्रभर आढळते. पुण्यात ती विशेष दाट आहे, कारण गणेश मंडळे, माजी विद्यार्थी संघ, कामगार संघटना, महिला मंडळे आणि सहकारी पतसंस्था असे वर्गणी गोळा करू शकणारे घटक येथे पेठोपेठी आहेत. हंगाम मेअखेरपासून जुलैपर्यंतचा.

प्रथेचा उगम कशात धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. एक मत ती माधुकरी, वार आणि दक्षिणा या पेशवाईतील व्यवस्थांशी जोडते. माधुकरी म्हणजे ठरावीक घरी जाऊन शिजवलेले अन्न मागून आणणे. वार म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवण बांधून घेणे. हे शब्द आता सरमिसळ वापरले जातात, ते बरोबर नाही. माधुकरीचा विद्यार्थी दारात उभा असतो, वाराचा पानावर बसतो. दक्षिणेचे प्रकरण निराळे आहे. तळेगावच्या दाभाडे घराण्याने श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची चाल पाडली व ती पुढे पेशव्यांकडे आली, असे सामान्यतः मानतात. हे हस्तांतर दाभाडे व पेशवे यांच्यातील डभईच्या लढाईनंतर (१७३१) झाले असावे. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात, म्हणजे बंदिस्त आवारात, हे वाटप होई. १८१८ नंतर कंपनी सरकारने दक्षिणा एकदम बंद केली नाही, पण ती आवळली आणि तिचा काही भाग १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात उघडलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. १८४९ मध्ये लोकहितवादींसह काही सुधारकांनी हा पैसा मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावा असा अर्ज केला व त्यावरून शहरात मोठे वादळ उठले. मराठी ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी ही त्याची निष्पत्ती. याच निधीतून जोतीराव फुले यांच्या शाळांनाही काही साहाय्य मिळाले, हा इतिहासाचा एक गमतीदार वळसा म्हणावा लागेल.

दुसरे मत उगम फुल्यांच्याच कार्यात पाहते. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा अडचण शिक्षकांइतकीच विद्यार्थिनींना घरातून सोडण्याची होती. मूल शाळेत बसले की घरातला एक कामाचा हात कमी होतो, हे फुल्यांना पक्के ठाऊक होते. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याबरोबरच शेतकरी व गरीब वर्गांतील मुलांसाठी सढळ शिष्यवृत्त्या आणि सहामाही वा वार्षिक बक्षिसे मागितली. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालवून मुलांच्या जेवणाची सोय केली, तोही याच विचारातला भाग.

तिसरे मत संस्थात्मक वसतिगृहांकडे बोट दाखवते. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह (आताचे पुणे विद्यार्थी गृह) निघाले. सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या (स्था. १९१९) बोर्डिंगसाठी मुष्टिफंड उभा केला: घरच्या बाईने दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि साठले की ते बोर्डिंगला जायचे. पुण्यात ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली विद्यार्थी सहाय्यक समिती त्याच धाटणीची.

प्रत्यक्ष वस्तूंकडे पाहिले तर पहिले मत टिकवणे कठीण जाते. माधुकरीने पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला जगवले. मुलाला शाळेत घालावे की नाही, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता, आणि तिचे लाभार्थी बहुतांशी एकाच वर्णातले मुलगे होते. शिवाय पाटी हे टिकाऊ साधन होते. फुटेपर्यंत एकच पुरे. दर विषयाला निराळी वही, तीही दर जूनला नवी, हा खर्च छापील रेघांच्या स्वस्त वहीबरोबर आला. म्हणून आजच्या स्वरूपातील वाटप स्वातंत्र्यपूर्व काळात नेणे धाडसाचे ठरेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने ही गरज शहराच्या मध्यवर्ती भागात आणून ठेवली. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि नदीकाठच्या पेठांतील घरांबरोबर नवी दप्तरेही वाहून गेली.

वही : वाटपाचे एकक वही हेच असल्याने तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. ‘दोनशेपानी’ या शब्दातील पान म्हणजे कागदाची एक बाजू; कागद शंभरच. बाजारात या नावाने मिळणाऱ्या वह्यांत प्रत्यक्ष पाने अनेकदा कमी असतात आणि वेष्टनासह एकूण आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेला असतो. देणगीदार भाव विचारतो, आकडा क्वचित वाचतो. आखणीचे चार प्रकार नित्याचे : एकेरी, दुहेरी, इंग्रजीसाठी चाररेघी आणि गणितासाठी चौकटी. पहिली-दुसरीच्या मुलाला लागते ती दुहेरी व चौकटी. वाटपात मात्र सरसकट एकेरी येते, कारण गठ्ठ्याने तीच स्वस्त पडते. मग अक्षर दोन ओळींत बसवायला शिकणारे मूल एकाच रेघेवर अक्षरे टांगत राहते. बांधणीतही फरक असतो. पिन मारलेल्या वहीचे एक पान फाडले की त्याचे जोडपान सुटते. शिवलेली वही वर्ष काढते. कागद पातळ असेल तर जेल पेनची शाई मागे उमटते आणि वहीची एकच बाजू कामी येते, म्हणजे दोनशेपानी खऱ्या अर्थाने शंभरपानी होते. घाऊक खरेदी मुख्यतः रविवार पेठेतून, पुस्तके व किरकोळ साहित्य अप्पा बळवंत चौकातून. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली व खोडरबरावरील वस्तू व सेवा कर शून्य झाला. त्यापूर्वी वह्यांवर तो १२ टक्के होता.

वेष्टनावर मंडळाचे, प्रायोजकाचे किंवा इच्छुक उमेदवाराचे छायाचित्र छापण्याची चाल आहे. अशा वहीला मुले खाकी कव्हर घालतात. शाळेचा नियम म्हणून घालतात, की चेहरा झाकावा म्हणून, हे सांगता येत नाही. शिक्षक मात्र कव्हराचा आग्रह धरतात.

निवड व समारंभ : यादी साधारणपणे मुख्याध्यापक, बचत गटाच्या ताई किंवा वस्तीतील कार्यकर्ते देतात. काही न्यास मागील इयत्तेची गुणपत्रिका व उत्पन्नाचा दाखला मागतात. गुणांची अट घातली की ज्याला मदतीची गरज सर्वांत जास्त, तेच मूल बहुधा गळते; ही अट दात्याच्या समाधानासाठी असते असेच म्हणावे लागते. समारंभात नाव पुकारले जाते, मूल व्यासपीठावर येते, दप्तर एका खांद्याला अडकवून गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरते आणि सांगितलेल्या दिशेला पाहते. खाली उतरल्यावर पहिले काम कंपासपेटी उघडण्याचे. गुण्ये आणि कोनमापक जागेवर असतात. कर्कटकाचा स्क्रू फिरवून पाहिला जातो, आणि तो ढिला निघाला तर शेजारच्याशी अदलाबदलीचा प्रयत्न होतो. छायाचित्रे टाळून शाळेतच बाकावर संच ठेवणाऱ्या संस्थाही आहेत. त्यांची नोंद वर्तमानपत्रांत येत नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्याजोगे फारसे हाती लागत नाही. बुटांचे वाटप कमी होते, कारण प्रत्येक मुलाचे माप घ्यावे लागते. वहीला माप नसते.

कायदा व शासन : नोंदणी नसलेल्या व्यक्तीला वा मंडळाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून निधी गोळा करायचा असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटाचे शिक्षण मोफत झाले, पाठ्यपुस्तके समग्र शिक्षा योजनेतून मिळतात व ती पुण्यातच मुख्यालय असलेले बालभारती (स्था. १९६७) तयार करते. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांत धड्यांमागे कोरी पाने जोडण्यात आली. दप्तर हलके व्हावे आणि वह्या कमी लागाव्यात हा हेतू होता. पण मुलांनी वह्या आणणे थांबवले नाही आणि २०२५ मध्ये निर्णय मागे घेण्यात आला. पुणे महापालिकेने आपल्या शाळांसाठी वस्तूंऐवजी पालकांच्या बँक खात्यात रक्कम भरण्याची पद्धत आणली. खाते चालू नसेल किंवा आधार जोडलेले नसेल तर पैसे अडकतात, आणि जूनमधली ती फट मंडळाची वही भरून काढते.

संलग्न उपक्रम : ‘शाळेची तयारी’ हा शब्द शिक्षणक्षेत्रात वेगळ्या अर्थानेही येतो. पहिलीत येणाऱ्या मुलाची भाषा, गणनपूर्व व सामाजिक तयारी पाहणारे ‘पहिले पाऊल’ मेळावे २०२२ पासून राज्यभर भरतात. त्यांचा वस्तुवाटपाशी थेट संबंध नाही. आंबेडकर जयंतीला हारफुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याचे आवाहन केले जाते. श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती न्यासाची जय गणेश पालकत्व योजना एकदाच्या वाटपाऐवजी मुलाची जबाबदारी घेण्याच्या दिशेने जाते. कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत (स्था. १९९३) कचरावेचक स्त्रियांच्या संघटनेतून उभी राहिली, तिने मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न दानाऐवजी हक्काच्या भाषेत मांडला आणि अस्वच्छ व्यवसायातील पालकांच्या पाल्यांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी म्हणून पाठपुरावा केला. बांधकामांवरील स्थलांतरित मजुरांची मुले मात्र जूनच्या याद्यांत क्वचितच दिसतात. दिवाळीनंतर काम बदलले की त्यांची शाळाही बदलते, आणि दिवाळीनंतर वाटप नसते.