द्राक्षांच्या दरीतला भूकंप

भूकंप म्हटलं की जपान आठवतो, हिमालय आठवतो. केपटाउनपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरचं टलबाख कुणाला आठवायचं कारण नाही. तीन बाजूंनी डोंगर, दरीभर द्राक्षमळे आणि १७०० च्या सुमारास डच वसाहतवाल्यांनी वसवलेलं छोटं गाव. चुन्याने पांढरी केलेली घरं, आणि त्यांच्या छपराच्याही वर डोकावणारी नक्षीदार, वळणावळणाची त्रिकोणी भिंत. त्या घरांचा सगळा तोरा या भिंतीत.

२९ सप्टेंबर १९६९ च्या रात्री दहाच्या सुमारास इथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पहिला घाव याच तोऱ्यावर बसला.

घरी करून पाहा. जाड पुस्तक टेबलावर उभं ठेवा. टेबल पुस्तकाच्या लांबीच्या दिशेने हलवलं तर ते डुगडुगत टिकतं. जाडीच्या दिशेने हलवलं की आडवं होतं. उंच त्रिकोणी भिंतीचंही तसंच. छपराचा भार बाजूच्या भिंतींवर असतो, हिला वरच्या टोकाला धरायला कुणी नसतं. त्यात माती-चुन्याचं बांधकाम दाब सोसतं, ताण सोसत नाही.

पण धक्का आलाच कुठून? आफ्रिकेच्या भूपट्टाची कड तर इथून फार लांब, समुद्रात. मात्र कडेला बसणारा रेटा आत पोहोचतो, फार सावकाश साठतो आणि खडकातल्या जुन्या भेगेत मोकळा होतो. तेव्हा भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात. ही दरी ज्या डोंगरांनी सुंदर दिसते, त्यांचे थर सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या दाबाने दुमडलेत. म्हणजे जमीन पूर्वीच मोडलेली. एप्रिल १९७० मध्ये ५.७ चा धक्का पुन्हा बसला.

किल्लारी आठवली ना? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे. तीही भूपट्टाच्या कडेपासून दूर, ‘दख्खनचा खडक पक्का’ या भरवशावर निर्धास्त. तिथे जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदांनी.

टलबाखने चर्च स्ट्रीटवरची बत्तीस घरं जुन्या रूपात परत उभी केली, तिथेच, त्याच ओळीत. किल्लारी मात्र जुन्या जागी उभी राहिली नाही. गावच दुसरीकडे वसवलं.