उघड्या डोक्यावरचं ऊन

वडिलांचं दहावं मे महिन्यात आलं. नाशिकला गोदाघाटावर न्हाव्याने केस उतरवले आणि पुढचे दोन-अडीच तास मी तसाच उघड्या डोक्याने उन्हात बसलो होतो. त्या दिवशी डोक्याकडे लक्ष कुणाचं असतं? संध्याकाळी आरशात पाहिलं तर कपाळावर एक आडवी रेघ. रेघेच्या खाली वर्षानुवर्षं रापलेला चेहरा आणि वर फिकट, परक्या माणसाचं वाटावं असं डोकं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला कोमट पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतला आणि अक्षरशः कळ आली. आठवड्याभरात पापुद्रे सुटू लागले.

ती रेघ मला अजून आठवते. माणूस एकच, कातडी एकच. फरक एवढाच की रेघेच्या वर जन्मापासून केस होते.

आपल्या त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी असलेल्या खास पेशी तयार करतात. गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात. हे रंगद्रव्य बारीक पुड्यांसारखं बांधून शेजारच्या पेशींना दिलं जातं, आणि तिथे जे घडतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं असतं. पुड्या पेशीभर विखरून राहत नाहीत. पेशीचं केंद्रक, म्हणजे जिथे डीएनए जपलेला असतो ती जागा, तिच्या बरोबर वरच्या बाजूला त्या गोळा होतात. प्रत्येक पेशी आपल्या केंद्रकाला टोपी घालते.

ही टोपी अडवते ते उन्हातले अतिनील किरण. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के ‘अ’ प्रकारचे असतात. ते खोल जातात आणि त्वचा सैल करतात, सुरकुत्या आणतात. उरलेले ‘ब’ प्रकारचे किरण थोडे, पण जहाल. डीएनएच्या साखळीतली दोन शेजारची अक्षरं ते एकमेकांना चिकटवून टाकतात. पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा असते. ती बिघडलेला तुकडा कापून काढते आणि नवा भरते. नुकसान दुरुस्तीपलीकडे गेलं तर पेशी स्वतःला संपवते. माझ्या डोक्यावरून सुटलेल्या पापुद्र्यांत अशा मेलेल्या पेशीही होत्या. तेव्हा ते पापुद्रे म्हणजे एका अर्थी शरीराने वेळेवर केलेली सफाई होती. धोका त्या पेशींचा, ज्यांची दुरुस्ती चुकली आणि ज्या मेल्याही नाहीत. पेशीला थांबायला लावणारं पी-५३ नावाचं जनुकच उन्हाने बिघडलं, तर अशा पेशीला आवरणारं कुणी उरत नाही. त्यातून कर्करोग व्हायला बहुधा वीस-तीस वर्षं लागतात.

मुंडणाचं डोकं महिन्याभरात पुन्हा झाकलं जातं. टक्कल पडलेल्या डोक्याला ती सुटका नाही. चाळिशीत माथा उघडा पडला, तर पुढची तीस-चाळीस वर्षं शरीराचा हाच भाग सूर्याला सर्वांत जवळून सामोरा जातो. नाक आणि कानांना निदान तिरपं ऊन मिळतं. माथ्यावर ते थेट पडतं, आणि आपल्याकडे तर अगदी शब्दशः. शून्य सावलीचा दिवस आठवा. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर, महिन्याच्या मध्याला पुणे आणि मुंबई, शेवटच्या आठवड्यात नागपूर असा सूर्य बरोबर डोक्यावर येत सरकतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये परतताना पुन्हा एकदा येतो. किरणांना वातावरणातून कमीत कमी अंतर कापावं लागतं. निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पट्टीवर ही सर्वांत वरची, ‘अतितीव्र’ पायरी. संरक्षण हवं असं ती पट्टी ३ पासूनच सांगते.

इथे आपली भाषा थोडी फसवते. ‘ऊन लागलं’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात उष्माघात असतो, गरगरणं असतं, खिशातला कांदा असतो. ती उष्णतेची गोष्ट झाली. अतिनील किरण अंगाला जाणवतच नाहीत. महाबळेश्वरला डिसेंबरच्या गार वाऱ्यात दुपारभर उघड्या डोक्याने हिंडताना कुणाला ऊन लागत नाही, पण किरण पडतच असतात. उंचीवर तर थोडे जास्तच, कारण दर हजार मीटरला त्यांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. पातळ ढगही त्यांना फारसे अडवत नाहीत. म्हणून उन्हाच्या चटक्यापेक्षा सावलीवर भरवसा ठेवावा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की डोकं झाकायची वेळ झाली.

आता सरळ प्रश्न: आपल्यासारख्या सावळ्या माणसांना त्वचेचा कर्करोग होतो का? गोऱ्या लोकांच्या तुलनेत खूपच कमी, आणि हे मेलॅनिनच्या टोप्यांचं श्रेय आहे. घाबरून जायचं कारण नाही. पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ असं समजून आपण निर्धास्त राहतो, आणि मग गाठ उशिरा सापडते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जन्मतः मेलॅनिन नसलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या आपल्याच माणसांना धोका फार मोठा असतो. त्यांच्यासाठी टोपी आणि सनस्क्रीन ही औषधासारखी गरज आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा धोकाही कित्येक पटींनी वाढतो. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते बरीच वर्षं घेतल्यास त्वचा उन्हाला हळवी होते, असं दिसून आलंय. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना मात्र आपलं टक्कल दाखवून विचारा.

केसांचं मोल किती, हे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरातल्या मोठ्या पाहणीने दाखवलं. तिथे उन्हाने होणारे खरखरीत डाग, ज्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो, कुणाला जास्त होतात ते तपासलं. वय आणि गोरेपणा यांच्या बरोबरीने ठळकपणे समोर आलं ते बरंच वाढलेलं टक्कल.

उपाय काय, याचं उत्तम उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. क्वीन्सलँडमधल्या नॅम्बूर गावात १९९२ ते १९९६ या काळात सुमारे १,६०० प्रौढांची पाहणी झाली. निम्म्यांना डोकं, मान, हात यांवर रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, उरलेल्यांना नेहमीसारखं वागू दिलं. रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस, म्हणजे बाह्यत्वचेच्या वरच्या थरांतल्या पेशींच्या कर्करोगाच्या गाठी जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाल्या. बेसल, म्हणजे तळाच्या थरातल्या पेशींच्या कर्करोगात मात्र तेवढ्या काळात फरक दिसला नाही. मुलांकडे मेलबर्न-ब्रिस्बेनला जाणाऱ्या आईवडिलांनी हे जरूर लक्षात ठेवावं. तिथल्या बऱ्याच शाळांत टोपी नसेल तर मुलांना मैदानात खेळू देत नाहीत.

तरी माझं पहिलं मत टोपीलाच. सनस्क्रीन घामाने उतरतं, टोपी उतरत नाही. पण टोपी कुठली? गांधी टोपी माथा छान झाकते, कान आणि मान उघडी राहते. क्रिकेटच्या टोपीचंही तेच, आणि मागे जाळी असेल तर टकलावर जाळीचीच नक्षी रापते. चारी बाजूंनी सात-आठ सेंटिमीटर काठ असलेली, घट्ट विणीची टोपी सर्वांत चांगली. पागोटं, फेटा किंवा शेतात डोक्यावरून घेऊन कानामागे खोचलेलं उपरणं यात आपल्या आजोबांनी हे काम फार पूर्वीच साधलं होतं. कापड उजेडासमोर धरून पाहा: पलीकडचं दिसत असेल तर किरणही येतात. पांढरं सुती कापड घामाने भिजलं की आणखी पारदर्शक होतं.

टोपीसोबत सनस्क्रीन हवंच, कान आणि मानेसाठी तर नक्की. एसपीएफ, म्हणजे ते ऊन किती रोखतं याचा डब्यावरचा आकडा, ३० किंवा जास्त, आणि ‘अ’ किरणांनाही अडवणारं. बहुतेकांची चूक प्रमाणात होते. हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. टकलाचं क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर १ ग्रॅम लागतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ओढलेली रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते, म्हणजे अशा दोन रेघा. बाहेर पडण्याच्या १५-२० मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा. घाम पुसताना टॉवेलबरोबर ते जातं, हेही ध्यानात असू द्या. डोळ्यांत उतरून चुरचुरत असेल तर कांडीच्या स्वरूपातलं वापरा. खोबरेल तेलाने डोकं मऊ राहील, पण सनस्क्रीनचं काम त्याच्याकडून होणार नाही.

तेलाची एक वेगळी उपयुक्तता मात्र आहे. उन्हाचे खरखरीत डाग डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागतात, पॉलिश पेपरचा बारीक तुकडा चिकटल्यासारखे. रविवारी तेल चोळताना बायकोच्या, मुलाच्या किंवा न्हाव्याच्या बोटांना असं काही लागलं तर तिथे थांबा. शेजारी रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढा, तारीख आपोआप राहते. सावळ्या त्वचेवर बेसल पेशींची गाठ अनेकदा काळसर असते आणि तीळ किंवा चामखीळ समजून सोडून दिली जाते. कंगवा लागून सारखी फुटणारी खपली, कडक होत जाणारा उंचवटा, महिना झाला तरी न भरणारी जखम, यांपैकी काहीही असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. ते जागा बधिर करून तांदळाएवढा तुकडा काढतात आणि तपासायला पाठवतात. सुरुवातीच्या डागाला बहुधा द्रवरूप नायट्रोजनचा फवारा किंवा काही आठवडे लावायचं मलम पुरतं. गाठ असली तरी लहान असताना एका छोट्या शस्त्रक्रियेत निघते, आणि टाके काढून झाले की जखमेवर टोपी घालून माणूस आपल्या कामाला लागतो.