बडतर्फीचा अधिकार: एका थकीत पगाराच्या दाव्यापासून

अमेरिकेच्या राज्यघटनेत अधिकारी नेमायचा कसा, हे लिहिलेले आहे. काढायचा कसा, हे महाभियोग सोडला तर कुठेच नाही. या मौनाचा अर्थ काय यावर १७८९च्या पहिल्या काँग्रेसमध्येच खल झाला. १८६८ मध्ये तर बडतर्फीच्या वादातून एका राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालला आणि ते सिनेटमध्ये एका मताने वाचले. पुढे १९२६ मध्ये एका पोस्टमास्तरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने कौल दिला. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष होते, ही गोष्ट नजरेआड करू नये.

आजच्या भांडणाचे मूळ मात्र १९३५ मध्ये आहे. व्यापारातल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवण्यासाठी १९१४ मध्ये पाच सदस्यांचा आयोग नेमला गेला. मुदत सात वर्षांची, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त सदस्य नाहीत आणि काढायचे तर अकार्यक्षमता, कर्तव्यात कुचराई किंवा गैरवर्तन यांपैकी कारण हवे. १९३३ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी विरोधी पक्षाच्या एका सदस्याकडे राजीनामा मागितला. कारण एवढेच की धोरणांबाबत दोघांचे जमणार नव्हते. सदस्य हटला नाही, ऑक्टोबरमध्ये बडतर्फ झाला आणि चार महिन्यांत वारला. त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने थकीत पगारासाठी दावा लावला.

म्हणजे न्यायालयापुढे प्रश्न होता तो पगाराचा. माणूसच हयात नसल्याने त्याला पुन्हा खुर्चीत बसवण्याचा आदेश देण्याची वेळच आली नाही. बडतर्फी बेकायदा ठरली तरी न्यायालय पुनर्नियुक्ती करू शकते का, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला आणि २०२५ मध्ये तोच पुन्हा वर आला. नऊही न्यायाधीश सदस्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद असा: आयोगाचे काम काहीसे कायदे करण्याचे, काहीसे निवाड्याचे आहे; ते निव्वळ कार्यकारी नाही. खरे तर हा युक्तिवाद तेव्हाही लंगडाच होता. तक्रार दाखल करणे, चौकशी करणे ही कायद्याची अंमलबजावणी नाही तर काय? पण निष्कर्ष टिकला, कारण काँग्रेसने त्याच्या भरवशावर एकामागून एक नियामक संस्था उभ्या केल्या.

१९८८ मध्ये स्वतंत्र अभियोक्त्याच्या, म्हणजे बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या वकिलाच्या, खटल्यात न्यायालयाने जुना युक्तिवाद बाजूला सारला, कारणाशिवाय न काढण्याचे संरक्षण मात्र कायम ठेवले. २०१० आणि २०२० मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निकालांनी ते कुरतडले गेले. दुसऱ्या निकालात ग्राहकांच्या आर्थिक हितासाठीच्या संस्थेचा एकमेव प्रमुख हे संरक्षण गमावून बसला.

२०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी कामगार, नोकरशाही आणि व्यापार पाहणाऱ्या मंडळांतले सदस्य कारण न देता काढले. मे महिन्यात न्यायालयाने त्यातल्या दोघांना तूर्त बाहेरच ठेवले आणि जाता जाता मध्यवर्ती बँक या मंडळांपेक्षा वेगळी असल्याचे नमूद केले. ती वेगळी का, याचे स्पष्टीकरण एका वाक्यात उरकले. डिसेंबरमध्ये १९३५चा निकाल राहावा की जावा यावरच युक्तिवाद झाले. दरम्यान ऑगस्टमध्ये मध्यवर्ती बँकेच्या एका गव्हर्नरलाही काढण्याचा प्रयत्न झाला होता, तोही कारण दाखवून: नेमणुकीपूर्वीच्या गृहकर्जाच्या कागदपत्रांत खोटी माहिती दिल्याचा आरोप. तिथे कारण लागते हे सर्वांनाच मान्य आहे. ते पुरेसे आहे की नाही, हे कोणी ठरवायचे यावर घोडे अडले.