कक्षीय भेट आणि जोडणी

पृथ्वीभोवती किंवा चंद्रासारख्या दुसऱ्या गोलाभोवती फिरणारी दोन अंतराळयाने एकाच वेळी, एकाच जागी आणि एकाच वेगाने आणण्याच्या क्रियेला कक्षीय भेट म्हणतात. भेटीनंतर दोन्ही यानांची यांत्रिक सांगड घालून त्यांचे एक यान करणे म्हणजे जोडणी किंवा डॉकिंग. दोन याने नुसती जवळून गेली तर ती भेट होत नाही. वेग जुळला नाही तर ती एकमेकांच्या शेजारून बंदुकीच्या गोळीपेक्षाही जोरात निघून जातात. म्हणून वेग जुळणे हाच भेटीचा गाभा मानला जातो. चंद्रावरून परतणे, अंतराळस्थानकात राहणे, तिथे अन्नपाणी पोहोचवणे हे सगळे या एका कौशल्यावर उभे आहे. १९६१ ते १९६९ या काळात मानवी अंतराळ उड्डाणांनी जे काही शिकून घेतले, त्यात हे सर्वांत अवघड होते.

अवघड का, ते समजायला जमिनीवरची सवय आधी बाजूला ठेवावी लागते. रस्त्यावर पुढची गाडी गाठायची तर आपण वेग वाढवतो. कक्षेत वेग वाढवला की यान वर चढते, वरची कक्षा लांब असते, तिथली गती मंद असते, आणि यान मागे पडते. भूपृष्ठापासून ३०० किलोमीटर उंचीवर यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर असतो आणि एक फेरी जेमतेम दीड तासात होते. त्याच कक्षेत पुढे असलेल्या यानाच्या दिशेने आपण सेकंदाला फक्त १ मीटरचा धक्का घेतला, तर अर्ध्या फेरीनंतर आपण साडेतीन किलोमीटर वर गेलेले असतो आणि पूर्ण फेरीनंतर सुमारे १६ किलोमीटर मागे पडलेले असतो. उलट, १० किलोमीटर खालच्या कक्षेतले यान दर फेरीला सुमारे १२ सेकंद आधी पोहोचते, म्हणजे ९४ किलोमीटरची आघाडी घेते. मैदानात आतल्या पट्टीवर धावणाऱ्याला अंतर कमी पडते. इथे आतल्या पट्टीवरच्याचा वेगही जास्त असतो. थोडक्यात, गाठायचे तर आधी खाली उतरायचे, आणि थांबून वाट पाहायची तर वर चढायचे.

दुसरी अडचण प्रतलाची. दोन्ही कक्षा एकाच सपाटीत असाव्या लागतात. त्यांच्यात एका अंशाचा फरक पडला तरी तो मिटवायला सेकंदाला सुमारे १३५ मीटर एवढा वेगबदल लागतो, आणि कक्षेतल्या छोट्या दुरुस्त्यांच्या मानाने हा खर्च फार मोठा आहे. त्यामुळे पृथ्वीबरोबर फिरणारा प्रक्षेपणतळ आधी गेलेल्या यानाच्या प्रतलाखाली येईल तेव्हाच उड्डाण करणे शहाणपणाचे ठरते. भेटीची खरी सुरुवात अशी जमिनीवर, घड्याळाच्या काट्यावर होते.

सोव्हिएत संघाने हे पहिल्यांदा प्रक्षेपणाच्या अचूकतेतून दाखवले. ११ ऑगस्ट १९६२ रोजी आंद्रियान निकोलायेव्ह व्होस्तोक ३ मधून गेले आणि दुसऱ्याच दिवशी पावेल पोपोविच व्होस्तोक ४ मधून. दोन्ही याने एकमेकांच्या सुमारे साडेसहा किलोमीटर जवळ आली. जगभर याचे वर्णन ‘भेट’ असे झाले. पण व्होस्तोक यानाला कक्षा बदलण्याची सोयच नव्हती. नेमक्या क्षणी सोडलेले यान आपोआप जवळून गेले आणि मग दूर सरकत राहिले. पुढच्या वर्षी व्हॅलेरी बिकोव्हस्की आणि व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यांच्या यानांचेही तसेच झाले. अमेरिकेचे मर्क्युरी यानही याच मर्यादेत होते. त्यातून गेलेल्या जॉन ग्लेन यांना यानाचे तोंड हवे तिकडे फिरवता येत होते, पण वाट बदलता येत नव्हती. कक्षा बदलणारे पहिले समानव यान म्हणजे २३ मार्च १९६५ रोजी गस ग्रिसम आणि जॉन यंग यांना घेऊन गेलेले जेमिनी ३.

त्यानंतर अडीच महिन्यांनी जेमिनी ४ ने जो धडा शिकवला, तो या विषयातला सर्वांत बोलका प्रसंग आहे. ३ जून १९६५ रोजी कक्षेत पोहोचताच जेम्स मॅकडिव्हिट यांना टायटन प्रक्षेपकाच्या रिकाम्या दुसऱ्या टप्प्याजवळ राहायचे होते. टप्पा समोर दिसत होता. त्यांनी यानाचे तोंड त्याच्याकडे करून थ्रस्टर, म्हणजे यान ढकलणारी छोटी इंजिने, चालवले, तसा तो खाली आणि दूर जाऊ लागला. पुन्हा चालवले, पुन्हा तेच. टप्पा गडगडत होता, त्यातून उरलेला वायू बाहेर पडत होता, यानात रडार नव्हते, आणि अंतर डोळ्यांनी अजमावायचे होते. जवळजवळ निम्मे इंधन संपल्यावर प्रयत्न सोडून द्यावा लागला. मॅकडिव्हिट हे कसलेले चाचणी वैमानिक होते. चुकले ते विमान चालवताना हाडीमाशी खिळलेले ज्ञान. त्याच उड्डाणात एड व्हाइट सुमारे वीस मिनिटे यानाबाहेर तरंगले. त्या छायाचित्रांनी लोकांचे मन जिंकले, आणि भेटीचा फसलेला प्रयत्न झाकला गेला. अभियंत्यांना मात्र त्या फसलेल्या प्रयत्नातूनच पुढचे सगळे उभारायचे होते.

उपाय गणितातून आला. लक्ष्याकडे थेट झेपावण्याऐवजी त्याच्याखाली ठरावीक अंतरावर समांतर कक्षा धरायची आणि तिथून सावकाश पुढे सरकत राहायचे. लक्ष्य क्षितिजाच्या वर सुमारे २७ अंशांवर दिसू लागले की त्याच्या दिशेने छोटा जोर द्यायचा. यान वर चढत जाते आणि अर्ध्याहून थोड्या कमी फेरीत लक्ष्यापाशी पोहोचते. वाट बरोबर आहे की नाही हे ताऱ्यांवरून कळते: मागच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर लक्ष्य स्थिर दिसत असेल तर गाठ पडणार. समुद्रावरच्या नावाड्यांना हे जुनेच ठाऊक आहे. समोरच्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि ते मोठे होत असेल, तर टक्कर ठरलेली. इथे ती टक्करच हवी असते, फक्त शेवटी वेग शून्यावर आणून. त्यासाठी जेमिनीत रडार होते, सोळा थ्रस्टर होते आणि समानव यानातला पहिला डिजिटल संगणक होता. त्याच्या स्मृतीत अवघे ४,०९६ शब्द मावत.

पहिली खरी भेट मूळ योजनेत नव्हतीच. २५ ऑक्टोबर १९६५ रोजी वॉल्टर शिरा आणि टॉम स्टॅफर्ड जेमिनी ६ मध्ये बसून वाट पाहत होते. ज्याला गाठायचे ते मानवरहित अजीना यान आधी उडाले आणि कक्षेत पोहोचण्यापूर्वीच नष्ट झाले. लक्ष्यच उरले नाही. तेव्हा असे ठरले की चौदा दिवसांच्या मुक्कामासाठी जाणारे जेमिनी ७ हेच लक्ष्य मानायचे आणि त्याच तळावरून काही दिवसांत जेमिनी ६ सोडायचे. फ्रँक बोरमन आणि जिम लॉव्हेल ४ डिसेंबरला गेले. १२ डिसेंबरला जेमिनी ६ चे इंजिन पेटले आणि सव्वा सेकंदाच्या आत बंद पडले. यानातले घड्याळ मात्र उड्डाण झाल्यासारखे सुरू झाले होते. नियमाप्रमाणे शिरा यांनी खुर्चीसकट बाहेर फेकणारी कडी ओढायला हवी होती. पाठीला हालचाल जाणवली नाही एवढ्या आधारावर त्यांनी ती ओढली नाही. प्रक्षेपक बोटभर जरी उचलला जाऊन परत बसला असता तर इंधनाने भरलेला मनोरा त्यांच्यासह पेटला असता. निवांत वाचतानाही हा क्षण अंगावर येतो. तपासात एक सुटून पडलेला प्लग आणि इंजिनात राहून गेलेले धुळीचे झाकण सापडले.

१५ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी ६ गेले. चौथ्या फेरीत, उड्डाणानंतर सहा तासांच्या आतच, ते जेमिनी ७ समोर येऊन स्थिरावले. पाच तासांहून अधिक काळ दोन्ही याने बरोबर उडत राहिली, आणि त्यांच्यातले अंतर एका वेळी ३० सेंटिमीटरवर आले. खिडकीतून समोरच्या यानातल्या माणसांची वाढलेली दाढी दिसत होती. शेवटच्या काही मीटरांत मात्र जमिनीवरची सवय पुन्हा कामी येते, कारण इतक्या कमी अंतरात आणि थोड्या वेळात कक्षेचा वाकडेपणा जाणवत नाही. तिथे पुढे ढकलले की यान पुढेच जाते. म्हणूनच वैमानिकाची जागा शेवटपर्यंत टिकून राहिली.

जोडणीची सांधेरचना या दोन यानांना नव्हती. ते काम १६ मार्च १९६६ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी केले. जेमिनी ८ चे नाक अजीनाच्या गळपट्ट्यात अलगद शिरले आणि कुलूप लागले. अंतराळातली ही पहिली जोडणी. अर्ध्या तासाच्या आत जोडलेली याने गरगरू लागली. त्या वेळी यान भूस्थानकांच्या टप्प्याबाहेर होते. दोष अजीनाचा असेल असे समजून आर्मस्ट्राँग यांनी जोडणी सोडवली, तशी गरगर आणखी वाढली, अगदी सेकंदाला एका फेरीपर्यंत. नजर धूसर होऊ लागली होती. खरा दोष जेमिनीच्याच एका अडकलेल्या थ्रस्टरचा होता. आर्मस्ट्राँग यांनी ती सगळी प्रणाली बंद केली आणि परतीच्या प्रवासासाठी राखलेल्या थ्रस्टरांनी यान सावरले. ते वापरले की उतरायचेच, असा नियम असल्याने अकरा तासांच्या आत यान पश्चिम पॅसिफिकमध्ये उतरले. या धांदलीत स्कॉट यांनी एक काम केले, ज्याचा उल्लेख फारसा होत नाही: सोडण्यापूर्वी त्यांनी अजीनाचे नियंत्रण जमिनीकडे सोपवले. म्हणून ते यान शाबूत राहिले, आणि चार महिन्यांनी जेमिनी १० मधून जॉन यंग आणि मायकेल कॉलिन्स त्याला भेटायला गेले. तोवर त्याची बॅटरी संपलेली होती आणि रडारला ते काहीच उत्तर देत नव्हते. निपचित पडलेले यानही डोळ्यांनी गाठता येते, हे तिथे सिद्ध झाले.

जेमिनी ११ ने सप्टेंबर १९६६ मध्ये पहिल्याच फेरीत, उड्डाणानंतर ९४ मिनिटांनी जोडणी केली. नोव्हेंबरमध्ये जेमिनी १२ चे रडार बिघडले. यानात बझ ऑल्ड्रिन होते, आणि १९६३ मधला त्यांचा एमआयटीतला प्रबंध समानव कक्षीय भेटीवरच होता. सेक्स्टंट (कोन मोजण्याचे उपकरण) आणि तक्ते घेऊन त्यांनी हिशेब मांडले, आणि लॉव्हेल यांनी यान अजीनापर्यंत नेले.

सोव्हिएत अभियंत्यांनी वेगळा मार्ग धरला. लक्ष्य शोधणे, जवळ जाणे, जुळवणे हे सगळे यंत्राने करायचे, आणि माणसाने लागेल तिथेच हात घालायचा. ३० ऑक्टोबर १९६७ रोजी कॉसमॉस १८६ आणि १८८ या मानवरहित यानांनी जगातली पहिली स्वयंचलित जोडणी केली. त्याआधी एप्रिलमध्ये सोयुझ १ मध्ये व्लादिमिर कोमारोव्ह यांचा परतताना मृत्यू झाला होता, आणि त्यांना भेटायला जाणारे दुसरे यान रद्द करावे लागले होते. १९६८ मध्ये गिओर्गी बेरेगोवोय यांनी अंधाऱ्या बाजूवर सोयुझ २ गाठले, पण त्यांचे यान लक्ष्याच्या तुलनेत उलटे होते. ते लक्षात न आल्याने इंधन संपत गेले आणि जोडणी झाली नाही. १६ जानेवारी १९६९ रोजी मात्र सोयुझ ४ आणि ५ जोडली गेली. दोन समानव यानांची ही पहिलीच जोडणी. सांध्यातून आत जाण्याचा बोगदा नव्हता, म्हणून येलिसेयेव्ह आणि ख्रुनोव्ह अंतराळपोशाख चढवून बाहेरून एका यानातून दुसऱ्यात गेले.

चंद्रमोहिमेत भेटीवर सगळ्यात मोठी जोखीम टाकली गेली. मुख्य यान चंद्राच्या कक्षेत ठेवून हलके यान खाली पाठवायचे, हा मार्ग नासाचे अभियंते जॉन हौबोल्ट यांनी विरोध सहन करून लावून धरला आणि १९६२ मध्ये तो स्वीकारला गेला. वजन खूप वाचत होते. पण परतणाऱ्या दोघांची गाठ पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरवर पडायची होती, आणि ती चुकली तर सुटका नव्हती. निर्णय झाला तेव्हा पृथ्वीच्या कक्षेतही अशी एकही भेट झालेली नव्हती. अपोलो ११ मध्ये वर एकटे राहिलेल्या कॉलिन्स यांनी, ठरलेली भेट फसली तर काय करायचे, याचे अठरा पर्याय वहीत लिहून ठेवले होते. त्यांपैकी एकही लागला नाही.

पुढे जोडणी नित्याची झाली, तरी कधीच सोपी झाली नाही. १९७१ मध्ये अपोलो १४ ला सहाव्या प्रयत्नात कुलूप लागले. जुलै १९७५ मध्ये अपोलो आणि सोयुझ जोडली गेली, तेव्हा नर-मादी असा भेद नसलेला सांधा वापरला, म्हणजे कोणतेही यान पुढाकार घेऊ शकत होते.

भारताचा या इतिहासाशी पहिला थेट संबंध ४ एप्रिल १९८४ रोजी आला. त्या दिवशी राकेश शर्मा यांना घेऊन सोयुझ टी-११ सॅल्युत ७ या सोव्हिएत अंतराळस्थानकाला जोडले गेले. पुढच्या वर्षी त्याच स्थानकाची वीज गेली आणि ते गारठून निपचित झाले. जून १९८५ मध्ये व्लादिमिर झानिबेकोव्ह आणि व्हिक्तर साविनिख यांनी हातातल्या लेझर अंतरमापकाने अंतर मोजत ते गाठले, हाताने जोडणी केली आणि आत गोठलेल्या पाण्याशी झगडत स्थानक पुन्हा चालू केले. वीस वर्षांपूर्वी मॅकडिव्हिट यांना प्रक्षेपकाचा टप्पा गाठता आला नव्हता, हे आठवले म्हणजे या कामगिरीचे मोल कळते.

भारताने स्वतःची जोडणी स्पेडेक्स मोहिमेत केली. प्रत्येकी सुमारे २२० किलोग्रॅम वजनाचे दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० ने गेले. जानेवारीत तारीख दोनदा पुढे ढकलावी लागली. १२ तारखेला उपग्रह एकमेकांपासून ३ मीटरांवर आणून मुद्दाम मागे नेले गेले, आणि १६ जानेवारी २०२५ रोजी ते जोडले गेले. हे साधणारा भारत चौथा देश ठरला. १३ मार्चला ते पुन्हा वेगळे करण्यात आले. चंद्रावरची माती आणणाऱ्या चंद्रयान-४ ला आणि भारतीय अंतराळस्थानकाला हीच जोडणी लागणार आहे.